इयादत आणि दोस्ती : आजारी मुलांचे साहित्य कोणाच्या डोळ्यांनी?

आजारी माणसाच्या भेटीला जाणे याला आपल्याकडे इयादत म्हणतात. एका मुसलमानाचे दुसऱ्या मुसलमानावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत इयादतीचा समावेश आहे. मोहल्ल्यात कोणी दवाखान्यात भरती झाले की चार माणसे जातात, खाटेजवळ थोडा वेळ बसतात, तब्येत विचारतात, शिफाची दुआ करतात आणि उठतात. रीत चांगली आहे, ती टिकली पाहिजे. मात्र इयादत करणारा उठून घरी जातो. रुग्ण तिथेच राहतो. आणि शेजारच्या खाटेवरचा दुसरा रुग्णही तिथेच राहतो.

गंभीर आजारी मुलांविषयी मराठीत, उर्दूत आणि आपल्या चित्रपटांत जे आले आहे, ते वाचता-पाहताना हा फरक आम्हांला सतत जाणवत आला आहे. आपले साहित्य आजारी मुलाची इयादत करते. मनापासून करते, रडते, दुआ मागते. पण त्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर जे दुसरे मूल पडलेले असते, त्याच्या डोळ्यांनी ते या मुलाकडे पाहत नाही. दोन आजारी मुलांची दोस्ती हा विषय आपल्याकडे जवळजवळ कोराच आहे. हे विधान काही कलाकृतींच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘श्वास’ : सांगणार कोण?

सुरुवात ‘श्वास’पासूनच करावी लागेल, कारण दवाखान्यातल्या मुलाविषयी मराठीत याहून मोठी कृती पडद्यावर आलेली आम्हांला ठाऊक नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले. मराठी चित्रपटाला हा मान यापूर्वी मिळाला होता तो १९५४ मध्ये, ‘श्यामची आई’ला. म्हणजे पन्नास वर्षांच्या अंतराने मराठीला हा मान दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा मध्यभागी एक लहान मुलगा होता. एकाजवळ आई होती, दुसऱ्याजवळ आजोबा.

कथानक वाचकांना माहीत असेलच. कोकणातल्या परशुरामला, म्हणजे परश्याला, दृष्टिपटलाचा कर्करोग झालेला आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे जाणार. आजोबा त्याला शहरातल्या दवाखान्यात घेऊन येतात. डॉक्टर साने आपल्या पेशाशी प्रामाणिक आहेत. ऑपरेशनच्या आधी मुलाला सत्य सांगितले गेले पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. समाजसेविका आसावरी मधला दुवा होते. शेवटी आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला घेऊन दवाखान्यातून नाहीसे होतात आणि त्याला डोळे भरून जग दाखवून परत आणतात. अरुण नलावडे यांचा आजोबा आणि अश्विन चितळेचा परश्या विसरता येत नाहीत. या छोट्या मुलाला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

चित्रपटाचा सारा ताण एका प्रश्नावर उभा आहे : मुलाला सांगायचे कोणी आणि कसे? प्रश्न खरा आहे. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय मुलाला कळत नाही. ज्ञान मोठ्यांजवळ असते आणि ते वरून खाली उतरते. आम्ही शिक्षक लोक याच गृहीतकावर नोकरी करतो, म्हणून ते आम्हांला चटकन ओळखू येते! वर्गात मात्र रोज याच्या उलट दिसते. ज्या गोष्टी आम्ही फळ्यावर लिहीत नाही, त्या मुले एकमेकांकडून शिकून बसलेली असतात.

‘श्वास’ला येथे दोष देण्याचा आमचा इरादा नाही. परश्या दवाखान्यात थोडेच दिवस असतो. इतक्या वेळात ओळख होते, दोस्ती पिकत नाही. शिवाय ही गोष्ट आजोबाची आहे आणि आजोबाची म्हणून ती पूर्ण आहे. आमचा सवाल पुढचा आहे. ‘श्वास’नंतर वीस वर्षे उलटून गेली. या काळात परश्याच्या शेजारच्या खाटेवर कोण होते, हे विचारावेसे आपल्या किती लेखकांना वाटले?

शेजारच्या खाटेला काय माहीत असते?

मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एका दवाखान्यात ब्लड कॅन्सर झालेल्या लहान मुलांमध्ये कित्येक महिने काढले. त्या काळी या आजारातून मुले क्वचितच वाचत. त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये आले. बाई डॉक्टर नव्हत्या. त्या मुलांशी खेळत, त्यांचे ऐकत आणि टिपून ठेवीत. त्यांना जे आढळले त्याने डॉक्टरांची आणि आई-बापांची झोप उडाली.

कोणीही न सांगता या मुलांना सर्व काही कळलेले होते. आधी त्यांना कळे की आपला आजार मोठा आहे. मग औषधांची नावे, त्यांचे काम आणि त्यांचा त्रास कळे. मग आजार जातो आणि परत येतो, हे कळे. शेवटी, सोबतचे एखादे मूल मरण पावले की हा आजार कुठे नेतो तेही कळे. हे सगळे शिक्षण मुले एकमेकांकडून घेत, मोठी माणसे जवळ नसताना. मेलेल्या सोबत्याचे नाव ती घेत नसत, त्याच्या खेळण्यांना हात लावीत नसत. आणि आई-बापांपुढे मात्र काहीच ठाऊक नसल्यासारखी वागत. आई-बापही मुलापुढे काहीच नसल्यासारखे वागत. दोन्ही बाजूंनी हे नाटक चाले आणि दोन्ही बाजूंना ते नाटक आहे हे माहीत असे. मुले हे का करीत? कारण आपण खरे बोललो तर अम्मी रडेल, अब्बा खोलीबाहेर निघून जातील, ही त्यांना धास्ती होती. मोठ्यांना सांभाळण्याचे काम लहानांनी आपल्या अंगावर घेतले होते.

वाचकहो, या निष्कर्षाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. आजारी मुलाच्या आयुष्यात अशी एकच जागा उरते जिथे त्याला नाटक करावे लागत नाही. ती जागा म्हणजे त्याच्यासारखेच दुसरे आजारी मूल. आईची माया कितीही खोल असो, तिच्यासमोर मुलाला हसावे लागते. डॉक्टरसमोर शूर व्हावे लागते. भेटीला येणाऱ्यांसमोर मासूम दिसावे लागते. दोस्तासमोर त्याला ‘सुई दुखते’ एवढेच म्हणून चालते, आणि ‘मला तुझ्याहून जास्त दुखते’ असे भांडताही येते. आपले बहुतेक लेखन आई, डॉक्टर आणि भेटीला येणारा या तिघांच्या खुर्चीवर बसून झालेले आहे. म्हणजेच मूल ज्यांच्यापुढे नाटक करते, त्यांच्या नजरेतून. त्या लेखनात ते मूल गोड, समजूतदार आणि काहीसे फरिश्त्यासारखे दिसते यात नवल ते काय!

अमल, पाश्का आणि ऑस्कर

जगाच्या साहित्यात या खुर्चीवरून उठण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले आपल्याच देशातले. रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमल हा पोरका, आजारी मुलगा. वैद्याने त्याला बाहेर पडायची बंदी केली आहे. तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचायला निघालेल्या सुधाशी दोस्ती करतो. रस्त्यावरच्या मुलांना तो आपली खेळणी देऊन टाकतो. अट एवढीच की त्यांनी त्याच्या समोर खेळावे. मुले खेळतात आणि पाहता पाहता त्याला झोप येऊ लागते. आजारी मुलाला दया नको असते, खेळ पाहिजे असतो, हे टागोरांनी नेमके धरले. तरीही अमलचे दोस्त निरोगी आहेत. ते रस्त्याचे, तो खिडकीचा.

या नाटकाला पुढे असे प्रेक्षक आणि असे नट मिळाले की खिडकीची ही भिंतच उरली नाही. यानुश कोर्चाक हे पोलंडचे बालरोगतज्ज्ञ आणि लेखक. वॉर्सा शहरात ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत ते अनाथ मुलांचे घर चालवीत. १८ जुलै १९४२ रोजी तिथल्या उपाशी, खंगलेल्या मुलांनी ‘डाकघर’ सादर केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाझींनी त्या मुलांना कोर्चाकसह ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. त्या दिवशी अमलचे काम करणारे मूल आणि त्याच्यापुढे खेळणारी मुले एकाच नशिबाची होती. एका डॉक्टरने मुलांना मरणाविषयी भाषण दिले नाही. एकत्र करायला एक नाटक दिले. मुलांना सत्य कसे सांगावे या ‘श्वास’मधल्या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे.

दुसरे उदाहरण चेखवचे. तेही डॉक्टर. ‘पळपुटा’ असे मराठीत म्हणता येईल अशी त्यांची १८८७ मधली कथा आहे. पाश्का नावाच्या शेतकऱ्याच्या पोराला आई दवाखान्यात सोडून जाते. डॉक्टर त्याला लालूच दाखवतात, जिवंत कोल्हा दाखवीन म्हणतात. पाश्का खूश होतो. रात्री वॉर्डातला एक माणूस मरतो आणि त्याला उचलून नेतात. पाश्का घाबरून अंधारात धावत सुटतो. कथेत पाश्काला त्याच्या वयाचा सोबती लाभत नाही, आणि म्हणूनच त्याची भीती इतकी मोठी होते. मरण पाहिले, पण कोणाशी बोलणार? दोस्ती नसण्याची किंमत काय असते हे समजायला ही कथा वाचावी. कोल्ह्याचे आश्वासन आपल्याही घरात रोज दिले जाते, फक्त कोल्ह्याऐवजी सायकल असते.

तिसरे उदाहरण आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातले. एरिक-इमॅन्युएल श्मिट यांची छोटी फ्रेंच कादंबरी ‘ऑस्कर आणि गुलाबी बाई’ २००२ मध्ये आली. दहा वर्षांच्या ऑस्करला ब्लड कॅन्सर आहे. हाडातला मगज बदलण्याची शस्त्रक्रिया फसलेली आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. डॉक्टर आई-वडिलांना सांगत असताना तो चोरून ऐकतो. ते दोघे त्याला न भेटताच निघून जातात, याचा त्याला भयंकर राग येतो. दवाखान्यात मुलांना भेटायला येणारी गुलाबी कपड्यांतली म्हातारी त्याच्याशी खरे बोलते आणि त्याला खुदाच्या नावे पत्रे लिहायला सांगते. कादंबरी म्हणजे ती पत्रे.

आम्हांला या पुस्तकात सर्वांत खरी वाटतात ती टोपणनावे. वॉर्डातल्या मुलांनी एकमेकांना नावे ठेवली आहेत. टक्कल पडलेला ऑस्कर ‘अंडे’. भाजून आलेला मुलगा ‘बेकन’, म्हणजे डुकराच्या मांसाचा भाजलेला काप. डोक्यात पाणी झाल्याने ज्याचे डोके मोठे झाले तो ‘आइन्स्टाइन’. लठ्ठपणाच्या आजाराचा ‘पॉपकॉर्न’. हृदयविकाराने जिचा रंग निळसर झाला ती ‘पेगी ब्लू’. मोठ्यांनी अशी नावे ठेवली तर आम्ही त्यांना निर्दयी म्हणू. मुलांनी एकमेकांना ठेवली की त्यांत बरोबरी असते. आजाराला ती नावाने हाक मारतात आणि त्याचा दरारा कमी करतात. ऑस्कर रात्री पेगीजवळ थांबतो, तिला भुतांची भीती वाटू नये म्हणून. पुढे पेगी ऑपरेशनने बरी होते आणि घरी जाते. ऑस्कर जात नाही. आजारी दोस्तांपैकी एक बरा होऊन निघून जातो, तेव्हा मागे उरणाऱ्याच्या मनात खुशी आणि एकटेपण दोन्ही येतात. श्मिटने ही जागा दाखवली, ही त्याची मोठी कमाई.

उणीवही सांगितली पाहिजे. या कादंबरीत शहाणपणाची किल्ली शेवटी म्हातारीच्याच हातात आहे. ऑस्कर पुढे पुढे लेखकाचे तत्त्वज्ञान बोलू लागतो. दोस्त मागे सरतात, वॉर्ड पुसट होतो, आणि एक मोठे माणूस एका मुलाला जगण्याचा अर्थ शिकवते. म्हणजे फिरून इयादतच, फक्त अधिक प्रामाणिक.

आपल्या हिंदी पडद्यावर ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटाने अंध मोहन आणि लंगड्या रामूची जोडी दिली. त्यात हृदयाच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली मंजूही आहे आणि या दोघांशी तिचे नाते जुळते. त्या काळी हे धाडसच होते. परंतु तिथे मुलांच्या अंगचे अपंगत्व त्यांच्या सद्गुणांची परीक्षा म्हणून येते. अलीकडे ‘दिल बेचारा’ (२०२०) आला, जॉन ग्रीन यांच्या २०१२ च्या इंग्रजी कादंबरीवरून. तिथे रुग्ण स्वतः बोलतात, हसतात, चिडतात. पण ती तरुण मुले आहेत आणि त्यांची दोस्ती लवकरच इश्कात जाते. दहा वर्षांच्या दोन पोरांना इश्काची ही पळवाट उपलब्ध नसते.

मराठीतली आजारपणाची आत्मकथने पाहावीत तर ती समृद्ध आहेत. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, डॉ. अरविंद बावडेकर यांचे ‘कॅन्सर माझा सांगाती’. तिन्ही मोलाची. तिन्ही मोठ्यांची, शिकलेल्यांची आणि लेखणी हाती असलेल्यांची. उर्दूत राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘क्वारंटीन’ या कथेने प्लेगच्या छावणीतला भागू हा सफाईवाला अमर केला. रुग्णाची सेवा करणारा कोण, हे तिथे दिसते. रुग्ण मूल स्वतः काय बोलते, हे मात्र अजून ऐकायचे राहिले आहे.

परळचा पत्ता

कोणी म्हणेल, अशी दोस्ती प्रत्यक्षात असते तरी कुठे? अनसिंगसारख्या गावातून त्याचे उत्तर देणे सोपे आहे. आमच्याकडे मोठा आजार निघाला की रस्ता ठरलेला. आधी वाशिम, मग अकोला किंवा यवतमाळ, मग नागपूर, आणि शेवटी ‘टाटा’. टाटा हा शब्द आमच्याकडे मोटारीचा नाही, परळच्या कॅन्सर रुग्णालयाचा. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात साऱ्या देशातून मुले येतात. मुलांच्या नेहमीच्या ब्लड कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. एवढा काळ दरवेळी भरती राहता येत नाही, मुंबईत घर नसते. मग दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा असते. आपल्या वऱ्हाडच्या या फकिराच्या नावाने गावोगावच्या रुग्णांना तिथे आसरा मिळतो. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची निवासकेंद्रेही आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला राहायला स्वतंत्र जागा आणि स्वयंपाकघर मात्र सामायिक. बिहारची, बंगालची, खानदेशची आणि वऱ्हाडची मुले तिथे एकाच अंगणात येतात. या जागांना दोस्तीचे मदरसे म्हणायला हरकत नाही.

थॅलेसेमियाचे पाहा. अशा मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते, जन्मभर. ठरल्या दिवशी तीच मुले, त्याच खाटा, तीच लाल पिशवी. शाळेतल्या वर्गमित्रापेक्षा हा रक्ताच्या तारखेचा मित्र जास्त वर्षे टिकतो. आमच्या विदर्भात सिकलसेलची मुले आहेत. दुखण्याची कळ उठली की त्यांची शाळा बुडते आणि दवाखाना भरतो. या मुलांचे जग शाळेच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ या एका शब्दात संपते. ती जिथे हजर असतात तिथली हजेरी कोणी मांडत नाही. हे काम साहित्याचे होते.

आणखी एक गोष्ट लेखकांनी ध्यानात घ्यावी. आपल्या कथांत कॅन्सरचे मूल शेवटच्या पानावर मरतेच. हा शेवट जुना झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात; गरीब आणि मध्यम देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. या संघटनेने २०१८ मध्ये जगभरात किमान ६० टक्के मुले २०३० पर्यंत वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे आज मूल मरते ते अनेकदा आजारापेक्षा उशिराने, पैशाने आणि अंतराने. ‘तकदीर’ म्हणून कथा संपवणारा लेखक या तिन्ही गुन्हेगारांना सोडून देतो. आणि जी मुले वाचतात त्यांची कथा तर सुरूच होत नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने बालपणी कॅन्सर झालेल्या आणि त्यातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ नावाचा गट २००९ पासून आहे. एके काळी एकमेकांच्या सलाईनकडे पाहिलेली मुले मोठी होऊन नव्या मुलांना धीर देतात. ही दोस्ती मरणाने संपलेली नाही, उलट कामाला लागलेली आहे.

रामू-रहीमचा सापळा

आता आमच्याच घरातली गोष्ट. आपल्या वार्षिकांतून, विशेषांकांतून दवाखान्याच्या कथा येत नाहीत असे नाही. येतात, आणि त्यांचा साचा वाचकांना पाठ आहे. एका खाटेवर रामू, शेजारी रहीम. बाहेर दंगल. एकाला रक्त हवे, दुसऱ्याचा बाप देतो. रक्ताचा रंग सारखाच, असे कोणीतरी म्हणते आणि कथा संपते. हेतू नेक आहे, कथा मात्र मेलेली आहे. कारण तिथे रामू आणि रहीम ही मुले नसून दोन पाट्या आहेत. त्यांची दोस्ती एकात्मतेच्या सभेसाठी भाड्याने आणलेली आहे.

खरी दोस्ती अशी एकसारखी नसते. एकाच्या गळ्यात ताबीज, दुसऱ्याच्या कपाळाला अंगारा. एकाच्या बाटलीत जमजम, दुसऱ्याच्या तीर्थ. कोणाच्या औषधाने जास्त फरक पडतो यावर दोन मुले वाद घालतील, कदाचित गुपचूप अदलाबदलही करतील. कोणाकडे भेटीला जास्त माणसे येतात, कोणाचा बाप कामावरून सुटून येऊच शकत नाही, कोणाची अम्मी सिस्टरशी मराठीत बोलू शकत नाही म्हणून मुलगाच दुभाषी होतो, हे सगळे त्या दोस्तीत येईल. उर्दू शाळेतला मुलगा अम्मीसाठी डॉक्टरांचे मराठी उर्दूत सांगतो, तेव्हा आपल्याच आजाराची बातमी आधी त्याच्या तोंडून जाते. त्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे हे तोच ठरवतो. ‘मुलाला सांगायचे कोणी?’ या प्रश्नाचा हा उलटा प्रसंग मराठी मुस्लिम लेखकाशिवाय कोण लिहिणार?

येथे एक आठवण द्यावीशी वाटते. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यामागे एक रास्त तक्रार होती. मराठी कथा-कादंबरीतला मुसलमान दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला होता : एक तर क्रूर, नाही तर दयाळू चाचा. त्याच्याविषयी लिहिले जात होते, तो स्वतः बोलत नव्हता. आमच्या लेखकांनी ही जागा भांडून मिळवली. ज्यांना दुसऱ्याच्या नजरेत अडकून पडणे काय असते ते ठाऊक आहे, त्यांनी तरी आजारी मुलाला केवळ बघण्याची वस्तू करू नये. आमची ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

ईदगाहची पाऊलवाट

मुलांना मुलांच्याच बरोबरीत उभे कसे करावे याचा धडा शोधायला लांब जायला नको. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) आपणा सर्वांना पाठ आहे. वर्गात ती शिकवताना आम्ही दरवेळी हामिदच्या त्यागावर भर देतो : तीन पैसे, चिमटा, दादी अमीनाची भाजणारी बोटे. पण कथेचा मोठा भाग हामिद आणि दादीचा नाही. तो महमूद, मोहसिन, नूरे आणि सम्मी यांच्याबरोबरच्या बाचाबाचीचा आहे. कोणाचा शिपाई मोठा, कोणाचा भिश्ती, कोणाचा वकील, आणि त्यांच्यापुढे लोखंडाचा चिमटा. गरीब, यतीम हामिदवर प्रेमचंदांनी दोस्तांना दया करू दिलेली नाही. त्याला वाद जिंकू दिला. म्हणून शेवटी दादी रडते तेव्हा आपल्याला हामिदची कीव येत नाही, त्याचा आदर वाटतो.

आजारी मुलांच्या कथेला हीच वाट हवी. ईदगाहच्या जत्रेऐवजी वॉर्ड ठेवा. मातीच्या खेळण्यांऐवजी सलाईनची नळी, औषधाचे रिकामे खोके, टोपी. मुलांना वाद घालू द्या, खोटे बोलू द्या, एकमेकांचा हेवा करू द्या. एखाद्या सकाळी शेजारची खाट रिकामी दिसेल. मोठी माणसे म्हणतील, तो गावाला गेला. मूल ‘बरं’ म्हणेल आणि पुन्हा त्याचे नाव घेणार नाही. ते ‘बरं’ कसे म्हणते हे ज्या लेखकाला ऐकू येईल, त्याने ही कथा लिहावी. तिथे दुआ, सब्र, रहमत हे शब्द वापरण्याची घाई करू नये. ते शब्द मोठे आहेत आणि मुलाच्या आधी लेखकालाच त्यांची गरज पडते, असा आमचा वाचक म्हणून अनुभव आहे.

समीक्षेने मागणी करून थांबू नये, म्हणून एक साधी सूचना. उपचार घेऊन परतलेली मुले आपल्या शाळांत येतात. केस अजून उगवायचे असतात, डोक्यावर टोपी असते, वर्षभराचा अभ्यास मागे पडलेला असतो. आपण त्यांना बुडालेले गणित शिकवतो, ते योग्यच आहे. पण ‘दवाखान्यात तुझी दोस्ती कोणाशी झाली?’ एवढा एक प्रश्नही त्यांना विचारावा, आणि ती जे बोलतील किंवा लिहितील ते सुधारून गोड न करता जपावे. उर्दूत लिहिले तर उर्दूत, मराठीत लिहिले तर मराठीत, चुकांसकट. मूल आणि आई-बाप राजी असतील तर, नाव न छापता, अशा अंकांनी त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत. त्यात साहित्य किती निघेल याची चिंता संपादकांनी करू नये. आजवर मोठ्यांनी जे छापले, त्यात तरी ते किती निघाले होते?